सगळ्यांचे अण्णा, घरचे आजोबा

वर्तमानपत्रात पुण्यस्मरणाच्या छोट्या छोट्या जाहिराती येतात ना, त्या मी नेमाने वाचते. फेटा बांधलेले, टोपी घातलेले आजोबा, खाली जन्माची आणि निधनाची तारीख, आणि मग मुलं-सुना-लेकी-जावई-नातवंडांची भली मोठी यादी. आमच्या जळोचीत तर आता चौकातल्या फ्लेक्सवरसुद्धा हे आजोबा दिसतात. मजकूर बहुतेक ठरलेला. कष्टाळू, मायाळू, कुटुंबवत्सल. या शेवटच्या शब्दापाशी मी नेहमी अडखळते. ज्याने घरासाठी रान राखलं, विहीर खणली, लेकींची लग्नं केली, तो माणूस कुटुंबवत्सल, हे तर खरंच. पण ज्याने घरातला पैसा उचलून दुसऱ्यांच्या लेकींसाठी दिला, ज्याच्या बायकोला महिन्याचा मेळ बसवताना नाकीनऊ आले, त्याच्याबद्दल त्याच्या मुलांनी आणि नातवंडांनी कोणता शब्द लिहायचा?

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं चरित्र वाचताना हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. शाळेत त्यांच्यावर धडा असतो. त्यात झोपडी असते, विद्यापीठ असतं, भारतरत्न असतं. पण ते चार मुलगे असलेले वडील होते, सुनांचे सासरे होते आणि नातवंडांचे आजोबाही होते, हे त्या धड्यात कुठे येतच नाही. आज मला त्या घरातल्या अण्णांबद्दल लिहायचंय.

तुम्ही म्हणाल, बारामतीकडच्या बाईला कोकणात जन्मलेल्या आणि पुण्यात राहिलेल्या कर्व्यांचं एवढं काय! पण ते अंतर वाटतं तेवढं लांब नाही. आमच्याकडून नीरा नदी ओलांडली की तीसेक किलोमीटरवर फलटण. कर्व्यांची एक नात, जाई निंबकर, लग्न होऊन या फलटणला आली. इथे राहून तिने इंग्रजीत आणि मराठीत लेखन केलं. तिचे यजमान बनबिहारी निंबकर यांनी 1968 साली फलटणला कृषी संशोधन संस्था काढली. आमच्या भागात शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांना या संस्थेचं नाव ठाऊक आहे. दुसरी नात म्हणजे गौरी देशपांडे. फलटणजवळच्या विंचुर्णी गावात ती राहिली आणि त्या दिवसांवर तिने ‘विंचुर्णीचे धडे’ हे पुस्तकही लिहिलं. म्हणजे महर्षींच्या नाती तशा आमच्या शेजारच्याच.

आणि दुसरं कारण अगदी माझं स्वतःचं. लग्नानंतर, पोरं पदरात असताना, मी बाहेरून परीक्षा देऊन बीए झाले ती एसएनडीटीची. दुपारी सगळे जेवले की धुण्याभांड्यांच्या मधल्या तासात पुस्तक उघडायचं. घर न सोडताही बाईला पदवी घेता यावी ही सोय ज्या विद्यापीठाने ठेवली, ते अण्णांनी काढलेलं. तेव्हा त्यांचं मी देणं लागते. आणि देणं लागणाऱ्याने हिशेब नीट पाहावा, म्हणून हा खटाटोप.

अण्णांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवलीचा. ते त्यांचं आजोळ. घर मात्र दापोली तालुक्यातल्या मुरूडचं. परिस्थिती बेताची. शिकायची हौस दांडगी. 1875 साली सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी हा मुलगा भर पावसाळ्यात घाट चढून साताऱ्याला पायी गेला. शंभराहून जास्त मैलांची ती वाट. आणि तिथे पोहोचल्यावर काय झालं? अंगकाठी इतकी किरकोळ, की परीक्षा घेणाऱ्यांना तो सतरा वर्षांचा वाटेचना. त्यांनी त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. आला तसा परत. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तो पास झाला. आयुष्यभर अण्णांचं असंच राहिलं. कुणी नाही म्हटलं तर भांडायचं नाही, ओरडायचं नाही, पण वाटही सोडायची नाही.

मग मुंबई. शिकवण्या करत करत त्यांनी शिक्षण पुरं केलं आणि 1884 साली गणित घेऊन बीए झाले. लग्न तर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लहानपणीच झालेलं होतं. बायको राधाबाई. 1882 साली पहिला मुलगा झाला, रघुनाथ. मुंबईच्या चाळीतला तो संसार म्हणजे नुसती ओढाताण. नवरा पहाटेपासून शिकवण्यांच्या मागे, आणि त्या मिळकतीतूनही दर रुपयामागे थोडं बाजूला काढून मुरूडच्या सार्वजनिक कामांसाठी साठवणारा. घरात परत नात्यातली, ओळखीतली मुलं शिकायला. कोकणातून आणलेले रघुनाथ परांजपे त्यातलेच. हेच पुढे 1899 साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. पण ही सगळी माणसं जेवायची कुणाच्या हातचं? राधाबाईंच्या. 1891 साली त्या गेल्या. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा. राधाबाईंनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही, त्यामुळे त्यांची बाजू आपल्याला कधीच कळणार नाही. चरित्रात त्या दोन-चार पानांत येतात आणि संपतात.

त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी अण्णांना पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावलं. टिळक तिथून बाहेर पडले होते आणि गणिताला माणूस हवा होता. अण्णा तिथे 1914 पर्यंत राहिले.

आता घरातली मंडळी दुसऱ्या लग्नाचं बघू लागली. पस्तिशीचा प्राध्यापक, त्याला दहा-बारा वर्षांची कुमारिका सहज मिळाली असती. तेव्हा तशीच पद्धत होती. अण्णांनी ठरवलं, लग्न करीन तर विधवेशीच. ही विधवा म्हणजे देवरुखच्या जोशांची गोदूबाई, अण्णांच्या मित्राची, नरहरपंतांची बहीण. आठव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच कपाळ पांढरं झालेलं. पुढे भावाबरोबर ती मुंबईला आली आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी झाली. 11 मार्च 1893 ला पुण्यात हे लग्न लागलं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे साऱ्या जगाच्या बाया.

मुरूडला ही बातमी पोहोचली तेव्हा गावाने सभा भरवून कर्व्यांना वाळीत टाकलं. त्यांच्या पंक्तीला बसेल तोही वाळीत. स्वतःच्या आईच्या घरी उतरायची चोरी! म्हाताऱ्या आईला आणि भावाला त्रास नको म्हणून मुलानेच लांब राहायचं, ही शिक्षा काय असते ते वाळीत टाकणं पाहिलेल्या गावांनाच कळेल.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून कुणालाही वाटेल, की आता हा नवरा-बायकोचा जोडीने चाललेला संसार असणार. तसं झालं नाही. खरी कसोटी पुढेच होती.

अण्णांच्या ध्यानात आलं, की एकेका विधवेचं लग्न लावून प्रश्न सुटायचा नाही. तिला लिहिता-वाचता आलं पाहिजे आणि स्वतःच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे. म्हणून 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली. पुण्यात प्लेगचे दिवस. गावाबाहेर हिंगण्याला रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी जमीन दिली आणि 1900 साली तिथे एक साधी झोपडी उभी राहिली. आज त्याच भागाला कर्वेनगर म्हणतात. तेव्हा तिथे ना रस्ता, ना दिवा. दिवसभर कॉलेजात शिकवायचं, संध्याकाळी चिखल तुडवत हिंगण्याला चालत जायचं, मुलींना शिकवायचं, रात्री तिथेच राखणीला झोपायचं आणि सकाळी परत चालत पुण्याला. हे एक-दोन दिवस नाही, दोनेक वर्षं चाललं.

शाळेच्या धड्यात आपण त्या झोपडीकडे पाहतो. मला मात्र पुण्यातल्या घराकडे पाहावंसं वाटतं. तिथे बाया होत्या आणि मुलं होती. शंकर, दिनकर आणि नंतर भास्कर, असे बायांचे तीन मुलगे, शिवाय राधाबाईंचा रघुनाथ. रात्री मूल तापाने फणफणलं तर जागणारी एकटीच. वडील चार मैलांवर दुसऱ्यांच्या लेकींची राखण करतायत. सुरुवातीच्या वर्षांत बाया आश्रमात राहायला नव्हत्या. कारण ऐकलं तर वाईट वाटेल. अण्णांनी पुनर्विवाहाचं काम आणि आश्रमाचं काम एकमेकांपासून कटाक्षाने वेगळं ठेवलं होतं. सनातनी घरांनी विधवा मुली शिकायला पाठवाव्यात, त्यांना धास्ती वाटू नये, म्हणून. हा व्यवहार बिनचूक होता, त्यामुळेच मुली आल्या. पण पुनर्विवाह करून गावाचा रोष अंगावर घेतलेली बाई त्या व्यवहारात कुठे बसणार? तिने घरी राहायचं आणि घर चालवायचं. आश्रमाची धुरा बरीच वर्षं वाहिली ती बायांच्या धाकट्या बहिणीने, पार्वतीबाई आठवल्यांनी. त्या विधवा, त्यामुळे कुणाची हरकत नाही!

पैशाची गोष्ट तर आणखी अवघड. अण्णांनी साठवलेला पैसा आश्रमाला दिला. स्वतःच्या आयुष्याचा पाच हजारांचा विमा होता, तोही आश्रमाच्या नावे केला. मैत्रिणींनो, हे वाक्य पटकन वाचून पुढे जाऊ नका. 1900 च्या आसपासचे पाच हजार. उद्या आपलं काही बरंवाईट झालं तर बायकापोरांना आधार म्हणून माणूस विमा उतरवतो. तोच देऊन टाकला. बाया यावर गप्प बसल्या नाहीत. भांडल्या. आणि भांडून झाल्यावर काय केलं, तर स्वतःच उभ्या राहिल्या. नागपूरला जाऊन त्यांनी सुईणीचं शिक्षण घेतलं. नवऱ्याचा पगार संस्थेकडे जाणार असेल तर घराला आपली म्हणून मिळकत हवी, हा साधा हिशेब होता. विधवांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं हे अण्णांनी जगाला शिकवलं, पण घरातल्या सवाशिणीवर ती वेळ कशी आली, हे बायांच्या आयुष्यात दिसतं.

आणि तरीही याच बाया पुढे हिंगण्याच्या संस्थेसाठी लग्नामुंजीच्या घरी जाऊन वर्गणी मागत हिंडल्या. एका घरात दोघं, आणि दोघांच्याही हातात पावतीपुस्तक!

बायांचं हे सगळं आपल्याला कळतं ते त्यांच्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रामुळे. 1944 साली ते पुस्तक निघालं. बायांनी सांगितलं आणि धाकट्या सुनेने, कावेरीबाईंनी, लिहून काढलं. सासूने बोलायचं आणि सुनेने लिहायचं, ही गोष्टच मला फार मोठी वाटते. अण्णांचं ‘आत्मवृत्त’ 1915 सालीच आलं होतं. त्यात संस्था आहे, देणग्या आहेत, तत्त्व आहे. ‘माझे पुराण’मध्ये चूल आहे, उसनवारी आहे, राग आहे, थट्टा आहे. ही दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचली तरच त्या घराचा हिशेब पुरा होतो. वसंत कानेटकरांनी 1972 साली ‘हिमालयाची सावली’ हे नाटक लिहिलं, ते याच जोडप्यावरून सुचलेलं. नावं बदललेली, पण पडदा उघडला की ओळख पटते. डॉ. श्रीराम लागू आणि शांता जोग यांचं ते नाटक आमच्या आधीच्या पिढीने डोळे पुसत पाहिलं. उंच डोंगराच्या सावलीत जे उगवतं त्याला ऊन कमी मिळतं, हे नाव ऐकूनच कळतं.

संस्था मात्र वाढत गेली. 1907 साली महिला विद्यालय निघालं. 1915 साली मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद अण्णांकडे आलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती त्यांच्या वाचनात आली होती. तसंच इथे का होऊ नये, असं त्यांनी मनात घेतलं आणि जून 1916 मध्ये भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू झालं. कॉलेजच्या पहिल्या वर्गात पाच मुली होत्या. पाच! आपण आज महिला बचत गटसुद्धा दहा जणींशिवाय काढत नाही. शिकवायची भाषा मातृभाषा. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव मिळालं. आपण ज्याला चार इंग्रजी अक्षरांनी एसएनडीटी म्हणतो, ती एका आईच्या नावाची आद्याक्षरं आहेत, हे कित्येक पदवीधर मुलींनाही माहीत नसतं.

आता मुलांकडे वळू. बाप सतत बाहेर, पैसा बाहेर, लोकांची ये-जा सारखी. अशा घरातली मुलं एक तर बापावर रुसून बसतात, नाही तर बापाच्या पावलावर पाऊल टाकतात. कर्व्यांच्या घरात तिसरंच झालं. चौघे चार वाटांनी गेले.

थोरले रघुनाथ गणिताचे प्राध्यापक झाले. पण त्यांचं खरं काम संततिनियमनाचं. 1921 साली त्यांनी मुंबईत त्यासाठी केंद्र उघडलं. या कामापायी नोकरी गेली. 1927 पासून 1953 साली मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, त्यातल्या एकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले. समाजाने वडिलांना पुढे डोक्यावर घेतलं, मुलाला मात्र शेवटपर्यंत बाजूलाच ठेवलं. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट 2001 साली आला, तेव्हा कुठे घरोघरी हे नाव कळलं. पण जरा नीट पाहिलं, तर बाप आणि लेक एकाच मातीचे. दोघांनीही बाईच्या आयुष्यातलं सगळ्यात दुखरं ठिकाण शोधलं आणि तिथेच हात घातला. एकाने वैधव्याचा प्रश्न हाती घेतला, दुसऱ्याने लादलेल्या बाळंतपणांचा.

शंकर डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेत गेले. दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. भास्कर आणि कावेरीबाई हिंगण्याच्या कामात राहिले. वडिलांनी कुणालाही आपल्या संस्थेच्या दावणीला बांधलं नाही. आपलं आयुष्य संस्थेला वाहिलेल्या माणसाने मुलांना मोकळं सोडावं, हे सोपं नसतं. आजूबाजूच्या शिक्षणसंस्था पाहा, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल.

पण सुनेच्या बाबतीत एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दिनकररावांची बायको म्हणजे इरावती कर्वे. जन्म ब्रह्मदेशातला, वाढली पुण्यात, रँग्लर परांजप्यांच्या घरी. मुलगी हुशार. लग्नानंतर मानववंशशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी तिला जर्मनीला जायचं होतं. साल 1928. आणि तिच्या जाण्याला विरोध कुणाचा? सासऱ्यांचा, अण्णांचा! स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य झिजवलेल्या माणसाला घरच्या सुनेने शिकायला परदेशी जाणं पटलं नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. दिनकररावांनी मात्र ऐकलं नाही. जीवराज मेहतांकडून कर्ज घेतलं आणि बायकोला बर्लिनला पाठवलं. आपल्या तत्त्वापुढे बायकोचं न ऐकणाऱ्या बापाचा हा मुलगा, बायकोच्या शिक्षणापुढे बापाचं न ऐकणारा निघाला. अण्णांच्या शिकवणीचा एवढा चांगला निकाल दुसरा कुठला असेल?

गंमत बघा, दुसऱ्याच वर्षी, 1929 मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी अण्णा स्वतःच जगाच्या प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान. बर्लिनला आइन्स्टाइन यांना भेटले. सून त्याच शहरात शिकत होती. तिकडून आल्यावर पुन्हा आफ्रिकेचा दौरा. प्रत्येक ठिकाणी विद्यापीठाची माहिती सांगायची आणि वर्गणी जमवायची. इरावतीबाई डॉक्टरेट घेऊन 1930 साली परत आल्या आणि पुढची काही वर्षं त्यांनी कुठे काम केलं? सासऱ्यांच्याच महिला विद्यापीठात, कुलसचिव म्हणून. कुणी कुणाला जिंकलं नाही, कुणी हरलंही नाही. घर असंच चालतं.

याच सुनेने पुढे ‘आजोबा’ म्हणून सासऱ्यांचं शब्दचित्र लिहिलं. सुनेने सासऱ्यावर लिहिलेलं म्हणजे गोडगोड असणार, असं वाटेल. तसं ते नाही. अण्णांचं मोठेपण तिला पुरेपूर कळलं होतं. पण सासूच्या बाजूला उभी राहून तिने सासऱ्यांकडे पाहिलं. थोर माणसाची सून होणं वेगळं आणि बायको होणं वेगळं, हा फरक तिच्या नजरेतून सुटला नाही. ‘युगान्त’मधला तिचा भीष्मावरचा लेख मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा मला हिंगण्याची वाट आठवते. स्वतःसाठी काही न मागणारा माणूस घरच्यांना किती महागात पडतो, हे तिथे तिने महाभारताच्या निमित्ताने तपासलंय. त्यात तिच्या मनात सासरे होते की नाही, ते तिलाच ठाऊक. मला आपलं वाटतं.

मग अण्णा कठोर होते का? मुळीच नाही. माणूस अतिशय मऊ, लाजरा, हळू बोलणारा. माया होती. फक्त तिला उंबरठा नव्हता. आपल्या मुलाच्या वाटणीचं काढून परक्या मुलीला द्यावं असा त्यांचा हिशेब नव्हता. त्यांच्या लेखी ती मुलगी परकी नव्हतीच. आपल्याला मात्र उंबरठा लागतो. उंबरठ्याच्या आतल्या बाईला तर लागतोच, कारण रात्रीच्या भाकरीचं पीठ तिला मळायचं असतं. अण्णा आणि बाया यांच्यातला झगडा हा चांगला आणि वाईट यांच्यातला नव्हता. दोघंही बरोबर होती. म्हणून तो जन्मभर चालला. 1950 साली बाया गेल्या, तेव्हा संपला. सत्तावन्न वर्षांचा संसार. त्यानंतर तीन वर्षांनी रघुनाथही गेले. पंच्याण्णवाव्या वर्षी थोरल्या मुलाचं जाणं पाहावं लागलं. शंभरी गाठण्याचा हा दुसरा हिशेब, तो कुणी सांगत नाही.

म्हातारपणीही अण्णा स्वस्थ बसले नाहीत. 1936 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या गावात शाळा नाही तिथे शाळा काढायची. त्यासाठी हा म्हातारा दारोदार फिरून पैसा-दोन पैसे गोळा करायचा. आमच्यासारख्या खेड्यातल्या बायांना हे काम विद्यापीठापेक्षाही जवळचं वाटतं. तोपर्यंतचं त्यांचं काम पांढरपेशा घरांतल्या मुलींपुरतं राहिलं, असं म्हणणारे आहेत, आणि त्यात तथ्य आहे. पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस आपलं कुंपण ओलांडून खेड्याकडे वळतो, हेही लिहून ठेवलं पाहिजे. पुढे समता संघही काढला.

1958 साली शंभर वर्षं पूर्ण झाली. भारतरत्न मिळालं, त्यांच्या चित्राचं टपाल तिकीट निघालं. हयात असताना तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. मुंबईत मोठा सत्कार झाला, पंडित नेहरू आले. सदतीस वर्षांची जाई, असं मी लिहिणार नाही, कारण ती तेव्हा सव्वीसच्या आसपासची होती, आनंद बाविशीचा आणि गौरी सोळा वर्षांची. गौरीच्या वयाच्या मुलीला शंभर वर्षांचा आजोबा म्हणजे केवढं नवल! 9 नोव्हेंबर 1962 ला, एकशे चौथं वर्ष उलटून गेल्यावर, अण्णा पुण्यात गेले.

नातवंडांना आजोबांकडून काय मिळालं? जमीनजुमला तर नाहीच. गौरी देशपांडे यांनी ‘एकेक पान गळावया’सारखं लिहिलं, तेव्हा मराठी वाचकांना बाईच्या मनाचा मोकळा आवाज ऐकायला मिळाला. 2003 साली त्या गेल्या. आनंद कर्वे वनस्पतिशास्त्रज्ञ झाले आणि खेड्यातल्या बाईच्या डोळ्यांत जाणारा धूर कमी व्हावा म्हणून सुधारित चुली आणि स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारा बायोगॅस यांवर त्यांच्या संस्थेने काम केलं. जाईने गावात राहून लिहिण्याची वाट धरली. कुणीही आजोबांची गादी चालवली नाही. आजोबांसारखं कुणी झालं नाही, आणि तरीही सगळे त्यांचेच. आजोबा तत्त्वापायी घर विसरले, आजीने त्यांना वेळोवेळी घराची आठवण करून दिली. या दोघांचं नातवंडांत मिळून आलं, असं मला वाटतं.

कुटुंबवत्सल हा शब्द अण्णांना लागू पडत नाही, हे मान्य. पण त्यांच्या घरच्यांनी त्यांच्यावर प्रेम केलं ते ते देव होते म्हणून नाही. त्यांच्या चुका दिसत असताना केलं, बोलून दाखवून केलं, लिहून ठेवून केलं. अशी आठवण जास्त दिवस टिकते. नुसती फुलं वाहिलेला फोटो चार वर्षांत धूळ खातो.

म्हणून एक सुचवते. तुमच्या घरातले आजोबा गेले असतील किंवा थकले असतील, तर त्यांच्याबद्दल जरूर लिहा. शंभर पानी वही पुरे. त्यांनी पाणी कसं आणलं, रान कसं केलं, कुणाला मदत केली, सगळं लिहा. पण सुरुवात आजीपासून करा. दुपारच्या वेळी तिच्याजवळ बसा आणि तिला विचारा, की ते सगळं चाललेलं असताना तू काय करत होतीस गं? आधी ती म्हणेल, माझं काय असतंय. उठून जाऊ नका. बसून राहा. कावेरीबाई अशाच बसून राहिल्या होत्या.